बिल कोणाच्या हातात पडतं: आरोग्य आणि सामाजिक धोरण शिकताना

पहिल्या सेमिस्टरभर आम्हाला एकाही औषधाचं नाव शिकवलं गेलं नाही. कर, विमा, पेन्शन, घरांची टंचाई, कारखान्यांचे कायदे, जनगणना, आणि या सगळ्यात वरचेवर डोकावणारा जर्मनीचा चान्सलर ऑटो फॉन बिस्मार्क. आरोग्य आणि सामाजिक धोरणाच्या पदव्युत्तर वर्गात हेच चालतं. आमच्यातला एक दंतवैद्य सुरुवातीलाच वैतागून म्हणाला, "आपण चुकून इतिहासाच्या वर्गात तर बसलो नाही ना?" मला मात्र मजा येत होती. इथे येण्याआधी काही वर्षं मी एका रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर होते. बिल कसं तयार होतं ते मला तोंडपाठ होतं. ते त्याच माणसाच्या हातात का पडतं, दुसऱ्या कोणाच्या का पडत नाही, हे मात्र काउंटरवर कोणी सांगत नाही. तो प्रश्न घेऊनच मी अर्ज केला होता.

अर्जाबद्दल एक सांगून टाकते, कारण विचारणारे बरेच असतात. "मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे" हे वाक्य निवड समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की नजर त्यावरून घसरून पुढे जाते. त्यापेक्षा एखादा नियम तुम्ही स्वतः राबवला असेल किंवा सोसला असेल, तर तो प्रत्यक्षात कसा चालतो एवढंच नीट लिहा. मी अनामत रकमेबद्दल लिहिलं होतं. रुग्ण दाखल करताना किती रक्कम घ्यायची हे कागदावर ठरलेलं असतं. पण ती कोणाकडे आधी मागायची आणि कोणाला "सावकाश भरा" म्हणायचं, हे खिडकीमागे बसलेला माणूस ठरवतो. मुलाखतीचा निम्मा वेळ त्यावरच गेला.

वर्गात दंतवैद्याशिवाय एक परिचारिका होती, एक पत्रकार, दोघंतिघं अर्थशास्त्राचे पदवीधर, समाजकार्यातून आलेले काही जण. हा मेळ मुद्दाम घातलेला असतो. अर्थशास्त्रवाल्यांना आलेख दिसला की हायसं वाटायचं, आणि त्यांच्या आलेखावर परिचारिका विचारायची, "पण रात्रपाळीला हे करणार कोण?" अभ्यासक्रमातला बराचसा भाग मी तिच्या त्या प्रश्नांमधून शिकले असं म्हटलं तरी चालेल.

इतिहासाची सुरुवात १८४८ पासून झाली. अप्पर सायलेशियात टायफसची साथ आली होती आणि प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ विर्चो या २६ वर्षांच्या डॉक्टरला पाहणीसाठी पाठवलं. सरकारला वैद्यकीय अहवाल हवा होता. त्याने लिहून दिलं ते असं: लोकांना शिक्षण द्या, त्यांच्या पोलिश भाषेला मान्यता द्या, रस्ते बांधा, शेती सुधारा, कराचा बोजा गरिबांवरून उचला आणि कारभारात त्यांना वाटा द्या. साथीच्या अहवालात कर आणि भाषा! सरकारला तो अर्थातच रुचला नाही. पण आमच्या विषयाची हद्द त्या अहवालाने आखून दिली, आणि दंतवैद्याच्या शंकेलाही उत्तर मिळालं.

पाठोपाठ बिस्मार्क. १८८३ साली त्याच्या कारकिर्दीत कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा आला. वर्गणीचे दोन भाग कामगाराने भरायचे, एक भाग मालकाने. पुढच्याच वर्षी अपघात विमा, त्याचा सगळा भार मालकांवर. १८८९ मध्ये वृद्धापकाळ आणि अपंगत्वासाठीची तरतूद. हे सगळं करणारा माणूस काही कामगारांचा कैवारी नव्हता; समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा त्यानेच १८७८ मध्ये आणला होता. त्यांच्याकडे वळणारा कामगार आपल्याकडे ओढून घ्यायचा, हा सरळ हिशेब होता. चांगली योजना आणायला चांगला हेतू लागतोच असं नाही, हे पचवायला वर्गातल्या समाजकार्यवाल्यांना जरा वेळ लागला. मला त्यातला वर्गणीचा तपशील जास्त भावला. आजारपण आलं तर दोनास एक, अपघात झाला तर सगळं मालकाकडे: म्हणजे दोष कोणाचा याचं उत्तर त्या वाटणीतच देऊन ठेवलेलं होतं.

आणि मग ब्रिटन. १९४२ चा सामाजिक सुरक्षेवरचा बेव्हरिज अहवाल, त्यातले पाच राक्षस – गरजांची ददात, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती, बेकारी – आणि ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस. हे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. आमच्या मॅडमनी मात्र अख्खं सेमिनार पुढच्या तीन वर्षांवर घेतलं. कोरियन युद्ध पेटलं, शस्त्रास्त्रांसाठी पैसा हवा होता, आणि १९५१ च्या अर्थसंकल्पात मजूर पक्षाच्याच सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावलं. ज्याने ही सेवा उभी केली होती त्या अन्यूरिन बेव्हनने राजीनामा दिला. रक्कम सरकारी खर्चाच्या मानाने चिल्लर होती. प्रश्न तत्त्वाचा होता.

मॅडमनी विचारलं, "कवळी आणि चष्माच का?"

परिचारिका म्हणाली, चष्म्यावाचून कोणी मरत नाही म्हणून. पत्रकार म्हणाला, फुकट म्हटल्यावर त्यावर उड्या पडल्या होत्या आणि वर्तमानपत्रांतून त्याचा गवगवा झाला होता म्हणून. मला काउंटर आठवला. मी म्हटलं, कारण ती वस्तू आहे. हातात देता येते, मोजता येते, तिची पावती फाडता येते. डॉक्टरने दिलेल्या धीराची पावती कशी फाडणार?

"मग हाच निबंध लिही," मॅडम म्हणाल्या, आणि माझा पहिला असाइनमेंटचा विषय ठरला. पुढे वेगवेगळ्या देशांचे शुल्काचे तक्ते चाळताना तेच दिसत गेलं: शुल्क आधी लागतं ते मोजायला सोप्या गोष्टींवर. औषधाच्या चिठ्ठीवर, खाटेवर, केसपेपरवर. वैद्यकीयदृष्ट्या त्या कमी महत्त्वाच्या असतात असं काही नाही.

सांख्यिकीने अनेकांची झोप उडवली. सूत्रांपेक्षा जास्त त्रास झाला तो सवय मोडण्याचा. आमचे सांख्यिकीचे सर कोणताही आकडा फळ्यावर लिहिला की शांत उभे राहायचे, कोणीतरी "छेदात कोण आहे?" असं विचारेपर्यंत. एकदा त्यांनी दोन रुग्णालयांचे मृत्यूदर दिले. एकूण आकड्यात पहिलं रुग्णालय सरस. मग रुग्णांचे दोन गट केले, अत्यवस्थ आणि साधारण, तर दोन्ही गटांत दुसरं सरस. आकडे तेच, बेरीज बरोबर. दुसऱ्या रुग्णालयाकडे अत्यवस्थ रुग्ण जास्त येत होते, एवढाच फरक. धोरणाच्या दृष्टीने यातला धोका असा की असे दर जाहीर करून त्यावर अनुदान ठरवलं, तर रुग्णालयाला सगळ्यात सोपा उपाय उरतो तो अत्यवस्थ रुग्णाला दारातूनच पुढे पाठवण्याचा. परिचारिका म्हणाली, "त्याला आमच्याकडे 'रेफर केलं' म्हणतात."

लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याची १८५४ ची गोष्टही तिथेच पुन्हा ऐकली. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाची मूठ काढली आणि कॉलरा थांबला, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. दिवसवार मृत्यूंचा तक्ता पाहिला तर मूठ काढायच्या आधीच साथ ओसरू लागली होती. लोकच वस्ती सोडून पळाले होते. स्नोने स्वतःही ते लपवलं नव्हतं. त्याचं मोठेपण मुठीत नाही, कोणत्या घराने कुठलं पाणी प्यायलं हे दारोदार जाऊन विचारण्यात आहे. हे एकदा कळलं की "अमुक योजना आली आणि मृत्यूदर घटला" या धाटणीची वाक्यं वाचताना आपोआप पेन्सिल उचलली जाते.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास. व्हाइटहॉल या नावाने तो ओळखला जातो. १९६७ मध्ये सुरू झाला, सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी. सगळे पगारी, सगळ्यांना डॉक्टर मोफत, कोणी कोळशाच्या खाणीत उतरत नव्हतं. तरीही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीत सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी दरीचा मोठा भाग शिल्लकच राहिला. आणि हा फरक फक्त तळाशी नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचा साहेबही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता. १९८५ पासूनच्या दुसऱ्या फेरीत स्त्रियाही घेतल्या गेल्या आणि आपल्या कामावर आपला ताबा किती, हा मुद्दा पुढे आला. या संशोधनातले मायकल मार्मॉट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. आरोग्याच्या सामाजिक कारणांवरचा त्या आयोगाचा अहवाल २००८ चा. ते वाचून मी जुन्या काउंटरवरच्या सहकाऱ्यांची मनातल्या मनात श्रेणीनिहाय यादी करून पाहिली. असं करू नये. करमत नाही नंतर.

अर्थशास्त्राचा पेपर मला जड जाईल असं सगळे म्हणत होते. गेला नाही, कारण त्यात सतत माझाच प्रश्न येत होता. केनेथ ॲरोने १९६३ मध्ये मांडलेला मुद्दा साधा आहे: आजार कधी येईल ते माहीत नसतं, आणि काय विकत घ्यायचं हे गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्यालाच जास्त कळतं, तेव्हा या बाजाराकडून भाजीबाजारासारख्या वागणुकीची अपेक्षा धरू नये. त्यानंतर आला शुल्काचा वाद, आणि त्यावर आम्ही बरेच आठवडे भांडलो.

एका बाजूला अमेरिकेतला रँड संस्थेचा प्रयोग, १९७४ ते १९८२. कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या विमा योजना दिल्या. कुणाला सगळं फुकट, कुणाला खर्चाचा काही भाग स्वतः भरायचा. स्वतः भरणाऱ्यांनी सेवा कमी वापरली. सरासरी माणसाच्या तब्येतीवर फारसा फरक पडला नाही. इथवर ऐकून अर्थशास्त्रवाल्यांपैकी एकाने खुर्चीत मागे टेकून "बघा!" म्हटलं. पण पुढची पानं वाचायची असतात. लोकांनी नको ती सेवा टाळली तशी हवी तीही टाळली, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. आणि जे गरीबही होते व आजारीही, त्यांचं, विशेषतः रक्तदाबाच्या बाबतीत, मोफत योजनेत भलं झालं होतं.

दुसऱ्या बाजूला आफ्रिका. १९८७ च्या सुमाराला जागतिक बँकेने शुल्क आकारण्याचा सल्ला दिला, त्याच वर्षी मालीतल्या बामाको इथे औषधांच्या शुल्कातून दवाखाने चालवण्याचा पुढाकार जाहीर झाला. युगांडाने मार्च २००१ मध्ये सरकारी दवाखान्यांतलं शुल्क काढून टाकलं आणि तिथली गर्दी वाढली. केनियात जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपा यांनी गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या फुकट आणि नाममात्र दराने देऊन पाहिल्या. फुकट म्हटलं की वाया जातं, असं सगळे म्हणतात ना? फुकट घेणाऱ्या बायका मच्छरदाणी विकत घेणाऱ्यांइतकीच वापरत होत्या. दर ६० सेंटपर्यंत नेला तेव्हा घेणाऱ्यांचं प्रमाण मात्र ६० टक्केबिंदूंनी कोसळलं. हा अभ्यास २०१० चा. खुर्चीत मागे टेकलेला आमचा मित्र यावर म्हणाला, "मच्छरदाणी वेगळी, एमआरआय वेगळा." त्याचं म्हणणं मला अजूनही खोडून काढता आलेलं नाही, आणि ते खोडायलाच हवं असंही नाही. प्रतिबंधात्मक वस्तू, जीव वाचवणारे उपचार आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून होणाऱ्या महागड्या तपासण्या यांना एकच नियम लावणं हाच खरा घोळ आहे.

क्वालीचा तास मात्र कडवट झाला. क्वाली म्हणजे आयुष्याचं एक वर्ष, त्याला तब्येतीच्या दर्जाने गुणायचं, आणि एवढं मिळवायला किती खर्च येतो ते काढायचं. ब्रिटनमध्ये नाइस ही संस्था १९९९ पासून हे काम करते, आणि अनेक वर्षं तिचा उंबरठा, म्हणजे खर्चाची मर्यादा, दर क्वालीमागे २० ते ३० हजार पौंडांचा होता. परिचारिकेचा संताप रास्त होता: अपंग माणसाच्या वर्षाला आधीच कमी गुण दिले, तर त्याला जगवण्यातून मिळणारी 'कमाई' कागदावर कमीच दिसणार. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने मेडिकेअर या सरकारी विम्यासाठी असा उंबरठा वापरायला मनाई केली, ती याच आक्षेपाला धरून. पण सर म्हणाले, उंबरठा नसला म्हणून निवड टळत नाही. ती आपल्याला न दिसता होते. मी काउंटरवर होते तेव्हा निवड रोज होत होती आणि तिचा उंबरठा कुठेच लिहिलेला नव्हता. या एका बाबतीत मी परिचारिकेच्या विरोधात गेले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

धोरण विश्लेषणाचा पेपर ऐकायला सोपा, लिहायला महाकठीण. गिल वॉल्ट आणि लुसी गिल्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेला त्रिकोण इथला श्रीगणेशा: धोरणाचा मजकूर, त्याचा संदर्भ, ते घडण्याची प्रक्रिया, आणि मध्ये माणसं-संस्था. जो तो मजकुरावर तुटून पडतो आणि मधल्या माणसांना विसरतो, हे त्यांचं म्हणणं. पाठांतराला छान, पण त्याचा उपयोग कळला तो अभिरूप समितीच्या तासाला. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, त्या धर्तीवर कर लावायचा की नाही यावर चर्चा. मला वाट्याला आली पेय कंपन्यांची बाजू. मी खूप तयारी केली. रोजगार, छोटे दुकानदार, गरिबांच्या खिशाला बसणारा चाट, "साखर काय फक्त पेयांतच असते का?", आणि शेवटी हुकमी वाक्य, "आम्ही सरकारसोबत जनजागृती करायला तयार आहोत." कराचा प्रस्ताव 'अधिक अभ्यासासाठी' समितीकडे परत गेला. मी जिंकले. इतक्या सहज जिंकले की मलाच कसंतरी झालं. विरोध असा कोणी केलाच नव्हता, सगळ्यांनी नुसती मुदत वाढवून दिली होती. तेव्हापासून एखादं विधेयक 'अभ्यासासाठी' गेल्याची बातमी वाचली की माझा तो तास आठवतो.

याच पेपरमध्ये मायकल लिप्स्की भेटला. १९८० मध्ये त्याने मांडलेली गोष्ट अशी: शिक्षक, पोलिस, दवाखान्यातले कारकून यांच्यापर्यंत आलेलं धोरण त्यांच्या हातून निघताना वेगळंच झालेलं असतं. काम अफाट, वेळ तोकडा, नियम एकमेकांना छेद देणारे. मग ते आपापल्या युक्त्या काढतात, आणि लोकांच्या वाट्याला त्या युक्त्याच धोरण म्हणून येतात. वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा करायला उठले. काही वर्षं मी जे करत होते त्याला कोणीतरी माझ्या जन्माच्या आसपास नाव देऊन ठेवलं होतं!

डिझर्टेशनचा विषय मग निराळा शोधावा लागलाच नाही. सार्वजनिक रुग्णालयांत गरिबांना शुल्कमाफी असते. ती प्रत्यक्षात कोणाला आणि कशी मिळते हे पाहायचं. एथिक्स कमिटीने पहिला प्रस्ताव परत पाठवला. रुग्णांच्या संमतीपत्राबद्दल त्यांना शंका नव्हती, ती कारकुनांबद्दल होती. एका रुग्णालयात माफीची खिडकी एकच आणि तिथे बसणारी व्यक्ती एकच. मग नाव न छापूनही तिला सगळे ओळखणार, आणि ती नियम वाकवते असं मी लिहिलं तर तिची नोकरी जाणार. आक्षेप अगदी योग्य होता. मग मी एकाहून अधिक ठिकाणं घेतली आणि तपशील एकमेकांत मिसळले. इथेही ते तसेच मिसळून लिहिते आहे.

एका खिडकीवरच्या बाई अर्ज आधी पेन्सिलने भरायच्या. नाव, पत्ता, कमावती माणसं किती, उत्पन्न किती. सगळ्यात खाली 'इतर विशेष परिस्थिती' अशा मथळ्याखाली दोन रिकाम्या ओळी. साहेबांनी मान डोलावली की पेन्सिलवरून पेन फिरवायचं. मी फायलीतले जुने अर्ज पाहत होते. एका अर्जावर त्या दोन ओळींत खोडल्याची खूण होती. कागद उजेडात तिरका धरला तर खालचं 'विधवा' वाचता येत होतं. वर पेनाने लिहिलं होतं, 'एकटी राहते'.

"हे का बदललं, ताई?" मी विचारलं.

"विधवा लिहिलं की दाखला लागतो," त्या म्हणाल्या. "एकटी राहते, याला कुठला दाखला? ती बाई दाखला आणायला गेली असती तर परत आली नसती."

कोणत्याही परिपत्रकात ही वाट नव्हती. त्यांच्या शेजारच्या रुग्णालयात मात्र खिडकीवरचे गृहस्थ अक्षरशः नियमाने चालायचे आणि त्यांच्याकडे माफीचं प्रमाण बरंच कमी होतं. कोण चांगलं? वर्गात या प्रसंगावर बोलले तेव्हा सगळ्यांनी ताईंच्या बाजूने कौल दिला. पण त्याच ताई दुसऱ्या एका माणसाला, त्याच्या हातात मोबाइल भारी दिसला म्हणून, अर्जच देत नव्हत्या. ज्या मोकळीकीने एकीला आत घेतलं तिनेच एकाला बाहेर ठेवलं. १९९३ मध्ये कॉर्निया आणि स्ट्युअर्ट यांनी लक्ष्यित योजनांतल्या दोन चुका सांगितल्या होत्या: नको त्याला मिळणं आणि हवं त्याला न मिळणं. पहिली चूक लेखापरीक्षणात सापडते, म्हणून तिच्यावर सगळा जोर. दुसरीचा कागदच तयार होत नाही. जो अर्ज दिलाच गेला नाही त्याची फाइल कुठे शोधणार?

म्हणून मी रांगेबाहेरच्या लोकांशी बोलायला लागले, म्हणजे शुल्क भरून गेलेल्यांशी. रोजंदारीवर काम करणारा एक माणूस म्हणाला, "तिकडे उभं राहिलो तर आजचा खाडा. त्यापेक्षा उसने घेऊन भरले." माफीलाही किंमत असते आणि ती वेळात भरावी लागते. अशी माणसं शुल्क भरणाऱ्यांच्या आकड्यात जमा होतात आणि वर्षअखेरीच्या अहवालात 'भरू शकणारे' म्हणून मोजली जातात.

मुलाखती लिहून काढण्याचं काम कंटाळवाणं असतं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक तासाच्या बोलण्याला दिवस जातो आणि कानात तीच वाक्यं घुमत राहतात. माझ्या गाईड प्रत्येक निष्कर्षाच्या कडेला एकच प्रश्न लिहायच्या, "हे कोणत्या नियमामुळे?" त्याचा मला राग यायचा. पण त्यामुळेच प्रबंध खिडकीवरच्या माणसांच्या स्वभावावर घसरला नाही. दाखल्यांची अट, साहेबांची एकच सही, माफीच्या अर्जांसाठी दिवसातला ठरावीक वेळ: ताई आणि त्या गृहस्थांमधला निम्म्याहून अधिक फरक या गोष्टींपर्यंत मागे नेता आला. उरलेला गेला नाही. तो तसाच लिहिला.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक अर्थखात्यात काम केलेले होते. त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि विचारलं, "तुम्ही म्हणता केसपेपरचं शुल्क सगळ्यांनाच माफ करा. पैसे कुठून आणायचे?"

हिशेब तयार होता. शुल्कातून येणारी रक्कम, आणि समोर माफीची यंत्रणा चालवायचा खर्च: खिडकी, कारकुनाचा वेळ, साहेबाचा वेळ, छपाई, तपासणी. आफ्रिकेतल्या अनुभवातही शुल्कातून चालू खर्चाच्या जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास वसूल होत असे, तेही मांडलं. त्यांनी आकडे पाहिले, एका ओळीला पेनाने वर्तुळ केलं. "कारकुनाचा वेळ तुम्ही वाचला असं धरलंय. तो पगार तर चालूच राहणार ना?" मी म्हटलं, पगार चालू राहील, पण माणूस दुसऱ्या खिडकीवर बसेल. "मग तो खर्च वाचला नाही, तो हलला." बरोबर होतं त्यांचं. त्या ओळीसाठी मी सुधारित तक्ता जोडला. शिफारस तीच ठेवली.

पदवीनंतर काय, तर आमच्या वर्गातले लोक भलतीकडेच पांगले. पत्रकार पुन्हा पत्रकारितेत, पण आता अर्थसंकल्पाच्या पुरवण्या वाचतो. दंतवैद्य शाळांमधल्या दंततपासणीच्या योजनेवर आहे. परिचारिका मनुष्यबळ नियोजनात गेली. रात्रपाळीचा प्रश्न आता तिलाच सोडवायचा आहे. पाट्यांवर छापण्यासारखी मोठी पदं यात फारशी नाहीत, पगारही सुरुवातीला बेताचे, आणि सांख्यिकी कच्ची ठेवून आलेल्यांना नोकरी शोधताना जड गेलं. पर्यायी विषय निवडायची वेळ आली तर एक तरी पेपर आकड्यांचा आणि एक तरी मुलाखती घेण्याचा घ्या, असं मी नव्यांना सांगते. नुसत्या एकावर भागत नाही.

मी सध्या योजनांच्या अर्जांचे मसुदे तपासते. कोणता रकाना कशासाठी, तो भरायला कुठला कागद लागेल, तो कागद कोण देतं, तिथे किती वेळ उभं राहावं लागतं. मागच्या मसुद्यातले दोन दाखले आम्ही कमी करायला सुचवले होते. एक उडाला. दुसरा अर्थखात्याकडे अभ्यासासाठी गेला आहे.